खरे नाव लिहिणारा धावपटू : जिम थॉर्प, कार्लाईलची शाळा आणि चंद्रपूर-गडचिरोली (धागा)

९ नोव्हेंबर १९१२. न्यूयॉर्क राज्यातील वेस्ट पॉइंट येथे, अमेरिकी लष्करी अकादमीच्या मैदानावर फुटबॉलचा एक सामना झाला. एका बाजूला उद्याचे लष्करी अधिकारी होते. दुसऱ्या बाजूला कार्लाईल या सरकारी निवासी शाळेतील मूळनिवासी अमेरिकी मुले होती. वून्डेड नी येथे अमेरिकी सैन्याने लाकोटा स्त्री-पुरुषांची आणि मुलांची कत्तल केली, त्याला तेव्हा जेमतेम २२ वर्षे होत आली होती. सामना कार्लाईलने २७-६ असा जिंकला. पराभूत संघात ड्वाइट आयझेनहॉवर नावाचा तरुण होता. तो पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला. विजयी संघात जिम थॉर्प होता. त्याचे पुढे काय झाले, हा या धाग्याचा विषय आहे.

अमेरिकी फुटबॉल हा पायाने खेळण्यापेक्षा हाताने आणि खांद्याने खेळायचा खेळ. त्यात चेंडू बगलेत घट्ट धरून समोरच्या माणसांच्या भिंतीत फट शोधत धावणारा एक गडी असतो. आज त्याला रनिंग बॅक म्हणतात, थॉर्पच्या काळी हाफबॅक म्हणत. कबड्डी पाहणाऱ्याला हे काम समजायला वेळ लागू नये. चढाईला गेलेला गडी जसा सात जणांच्या कोंडाळ्यातून अंग चोरून, हूल देऊन, प्रसंगी फरफटत मध्यरेषा गाठतो, तसेच हे काम. फरक इतकाच की येथे धाव परतीची नसून पुढची असते आणि अंगावर येणारी माणसे पूर्ण वेगाने येतात. या जागेवरचा खेळाडू लवकर झिजतो. महाविद्यालयीन वयातली चार-पाच वर्षे हीच बहुधा त्याच्या शरीराची खरी कमाई असते, आणि म्हणून ती कमाई कोणाच्या पदरात पडते हा प्रश्न या जागेला इतर जागांपेक्षा अधिक चिकटलेला आहे.

हा धागा चंद्रपूर आणि गडचिरोलीकडे तोंड करून लिहिलेला आहे. आदिवासी मुलांना घरापासून दूर, सरकारी वसतिगृहात ठेवून शिकवणे म्हणजे काय, हे जिवती, राजुरा, एटापल्ली, भामरागड या तालुक्यांतील हजारो घरांना सांगावे लागत नाही. आणि अशा शाळेतले एखादे मूल अचानक साऱ्या राज्याच्या कौतुकाचा विषय होते तेव्हा काय घडते, याचा अनुभवही चंद्रपूरने घेतला आहे.

आधी कार्लाईल. पेनसिल्व्हानियातील ही शाळा १८७९ मध्ये लष्कराच्या रिकाम्या बराकींत सुरू झाली. संस्थापक रिचर्ड हेन्री प्रॅट हा लष्करी अधिकारी. त्याआधी तो फ्लोरिडातील एका किल्ल्यात मूळनिवासी कैद्यांवर देखरेख करत होता आणि शाळेची कल्पना त्याला त्या तुरुंगात सुचली. त्याचे तत्त्व त्याने कधी लपवले नाही: माणूस वाचवायचा, पण त्याच्यातला मूळनिवासी मारून टाकायचा. मुले आली की त्यांचे केस कापले जात, नावे बदलली जात, मातृभाषा बोलण्यास बंदी असे. सुट्टीत घरी पाठवण्याऐवजी त्यांना गोऱ्या कुटुंबांच्या शेतांवर आणि घरांत कामाला पाठवले जाई. शाळेच्या आवारात एक स्मशानभूमी होती; तेथे पुरलेल्या मुलांचे अवशेष त्यांच्या जमातींकडे परत पाठवण्याचे काम अमेरिकी लष्कराने २०१७ मध्ये सुरू केले आणि ते संपलेले नाही.

येथेच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. कार्लाईल आणि महाराष्ट्रातील आश्रमशाळा एकाच मापाने मोजणे हा वैचारिक आळस ठरेल. आश्रमशाळा स्वतंत्र भारतात, आदिवासींना शिक्षण मिळावे या हेतूने निघाल्या. आईबाप मुलांना तेथे स्वतः नेऊन सोडतात. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. अशा मुलखात मुलाला वर्षभर जेवण आणि वर्ग एकाच छपराखाली मिळणे ही लहान गोष्ट नाही. तरीही हेतू चांगला असला म्हणजे हिशेब मागू नये, असे होत नाही. राज्यपालांच्या सूचनेवरून नेमलेल्या डॉ. सुभाष साळुंखे समितीने २०१६ मध्ये आश्रमशाळांतील मृत्यूंचा अभ्यास केला, तेव्हा आधीच्या सुमारे १५ वर्षांत एक हजाराहून अधिक विद्यार्थी दगावल्याचे समोर आले होते. सर्पदंश, ताप, अपघात, आणि कित्येकदा कारणाची धड नोंदही नाही.

थॉर्पकडे परत येऊ. त्याचा जन्म १८८७ चा, आजच्या ओक्लाहोमातला, सॅक अँड फॉक्स जमातीतला. जमातीने ठेवलेले नाव वा-थो-हुक. अर्थ साधारणपणे ‘उजळलेली वाट’ असा सांगतात. जुळा भाऊ लहानपणीच गेला, मग आई गेली. शाळेतून तो पळून जाई आणि परत आणला जाई. १९०४ मध्ये त्याला कार्लाईलला पाठवले आणि त्याच वर्षी वडीलही वारले. शाळेने त्याला शिंपीकाम शिकवायला घेतले. पुढे ज्याला शतकार्धातला सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरवले गेले, त्याच्यासाठी सरकारने योजलेले भवितव्य शिवणयंत्रापाशी संपत होते, एवढे लक्षात ठेवावे.

१९०७ मध्ये एका संध्याकाळी तो कामाच्या कपड्यांत मैदानावरून चालला होता. शाळेचे उंच उडीचे खेळाडू सुमारे पावणेदोन मीटरवर लावलेली आडवी काठी ओलांडू शकत नव्हते. थॉर्पने जाता जाता ती ओलांडली. बातमी प्रशिक्षक ग्लेन ‘पॉप’ वॉर्नरपर्यंत गेली. उड्या मारणारा मोहरा फुटबॉलमध्ये मोडून घ्यायला वॉर्नर आरंभी तयार नव्हता. थॉर्पने हट्टाने चेंडू मागितला आणि सरावाला उभ्या केलेल्या अख्ख्या फळीतून तो दोनदा आरपार गेला, असे सांगतात. कथेला नंतर मुलामा चढला असेल, पण तो संघात आला हे खरे.

कार्लाईल ही मुळात व्यवसायशिक्षणाची शाळा होती, महाविद्यालय नव्हते. पण तिचा संघ हार्वर्डसारख्या विद्यापीठांशी खेळे आणि बहुतेक सामने त्यांच्याच मैदानांवर खेळे, कारण तिकिटांचा पैसा तेथे होता. मूळनिवासी मुले गोऱ्या श्रीमंतांच्या मुलांशी झुंजताना पाहायला लोक गर्दी करत. ११ नोव्हेंबर १९११ रोजी कार्लाईलने हार्वर्डला १८-१५ असे हरवले. त्या १८ पैकी १२ गुण थॉर्पने दुखऱ्या पायाने मारलेल्या चार किकांचे होते. पुढच्या उन्हाळ्यात स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये त्याने पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन ही दोन्ही सुवर्णपदके जिंकली, आणि शरद ऋतूत परतून पुन्हा शाळेसाठी फुटबॉल खेळला. तिकिटांच्या उत्पन्नातून शाळेचा एक क्रीडानिधी तयार झाला होता आणि त्याच्या नाड्या प्रामुख्याने वॉर्नरच्या हाती होत्या.

जानेवारी १९१३ मध्ये एका वृत्तपत्राने उघड केले की १९०९ आणि १९१० मध्ये थॉर्प नॉर्थ कॅरोलायनात पैसे घेऊन बेसबॉल खेळला होता. रक्कम किरकोळ होती. त्या काळी महाविद्यालयांतली कितीतरी मुले उन्हाळ्यात असेच खेळत, फक्त खोटे नाव लावून. थॉर्पने खरे नाव लावले. हौशी खेळाडूंच्या नियमानुसार तो अपात्र ठरला. ऑलिंपिकच्या नियमात आक्षेपासाठी समाप्तीनंतर ३० दिवसांची मुदत होती. ती केव्हाच उलटली होती. तरी पदके परत घेतली गेली आणि विक्रम पुसले गेले.

या प्रकरणातला सर्वांत उद्बोधक कागद म्हणजे थॉर्पच्या सहीने गेलेले माफीपत्र. त्यात आशय असा होता की आपण एक साधा मूळनिवासी शाळकरी पोर होतो, जगरहाटी ठाऊक नव्हती, माफ करावे. हे पत्र घडवण्यात वॉर्नरचा हात होता, असे बहुतेक अभ्यासक मानतात. वॉर्नर आणि शाळेचा अधीक्षक मोझेस फ्रीडमन या दोघांनी आपल्याला काहीच माहीत नव्हते असे सांगितले. दोन वर्षे आपला सर्वोत्तम गडी कुठे गेला हे प्रशिक्षकाला माहीत नव्हते, आणि १९११ मध्ये त्याला परत बोलावताना विचारावेसेही वाटले नाही, यावर विश्वास ठेवायला फार भोळेपणा लागतो.

त्या पत्रातली विसंगती पाहावी. कार्लाईलचा सारा दावा असा की आम्ही या मुलांना ‘सुधारले’. मग मुलगा सुधारला असेल तर तो अजाण कसा? आणि अजाणच राहिला असेल तर शाळेने इतकी वर्षे केले काय? दोन्हींपैकी कोणतेही उत्तर शाळेवर उलटते. म्हणून तिसरी वाट काढली गेली: दोष मुलाच्या जमातीवर टाकायचा. जिंकला तेव्हा तो शाळेचा होता. अडचणीत आला तेव्हा तो ‘त्यांच्यातला’ झाला. थॉर्पच्या कारकिर्दीतली खरी शोकांतिका पदके जाण्यात नाही, या सोयीस्कर वाटणीत आहे.

कार्लाईलची मुले मात्र गप्प बसली नाहीत, आणि ही बाजू थॉर्पच्या चरित्रांत नेहमी कोपऱ्यात पडते. दोनशेहून अधिक विद्यार्थ्यांनी चौकशीची मागणी करणाऱ्या अर्जावर सह्या केल्या. त्यात पुढाकार थॉर्पचा संघमित्र गस वेल्च याचा होता. १९१४ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या संयुक्त समितीने चौकशी केली. क्रीडानिधीचा वापर, मारहाण, निकृष्ट व्यवस्था, सारे साक्षींत आले. फ्रीडमनला जावे लागले. वॉर्नर पिट्सबर्ग विद्यापीठात प्रशिक्षक झाला, सन्मानाने जगला, आणि आज अमेरिकेत लहान मुलांच्या फुटबॉलची मोठी संघटना त्याच्याच नावाने चालते. शाळा १९१८ मध्ये बंद झाली.

थॉर्पचे पुढचे आयुष्य थोडक्यात सांगता येते. तो व्यावसायिक बेसबॉल खेळला. कँटन बुलडॉग्ज या फुटबॉल संघाने १९१५ मध्ये त्याला एका सामन्याचे २५० डॉलर दिले. पुढे एनएफएल या नावाने जगप्रसिद्ध झालेल्या संघटनेचा तो १९२० मध्ये पहिला अध्यक्ष होता. १९२२-२३ मध्ये तो ओहायोतील एका श्वानविक्रेत्याने काढलेल्या, केवळ मूळनिवासी खेळाडूंच्या संघात होता. तेथे मध्यंतरात खेळाडूंना कुत्र्यांसह ‘युद्धनृत्या’चे खेळ करून दाखवावे लागत. धावणारे पाय थकल्यावर त्याने चित्रपटांत किरकोळ कामे केली, मंदीच्या काळात खणायची मजुरी केली. १९५० मध्ये पत्रकारांनी त्याला अर्धशतकाचा सर्वश्रेष्ठ खेळाडू निवडले. १९५३ मध्ये तो वारला तेव्हा हाताशी फारसे काही नव्हते. त्याच्या पत्नीने पार्थिव पेनसिल्व्हानियातील एका गावाला दिले आणि गावाने पर्यटकांच्या आशेने आपले नावच ‘जिम थॉर्प’ करून घेतले. वडिलांना जमातीच्या भूमीत न्यावे म्हणून मुलांनी खटला लढवला. २०१३ मध्ये ते जिंकले, २०१४ मध्ये वरच्या न्यायालयात हरले आणि २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला. पदके १९८२ मध्ये अर्धी परत मिळाली, म्हणजे ‘सहविजेता’ म्हणून. एकमेव विजेता म्हणून त्याचे नाव पुन्हा लागायला जुलै २०२२ उजाडले.

याच काळात अमेरिकेने नियमही उलटा केला. रेजी बुश या रनिंग बॅकला महाविद्यालयात असताना लाभ घेतल्याबद्दल २००५ ची हाइझमन ट्रॉफी २०१० मध्ये सोडावी लागली होती. २०२१ पासून महाविद्यालयीन खेळाडूंना आपल्या नावावर उघडपणे कमाई करता येते, आणि २०२४ मध्ये बुशची ट्रॉफी परत आली. म्हणजे थॉर्पचा ‘गुन्हा’ आज गुन्हाच नाही. विद्यापीठे मात्र या मधल्या शंभर वर्षांत तिकिटे विकतच होती.

आता चंद्रपूर. मे २०१८ मध्ये ‘मिशन शौर्य’ या उपक्रमात चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांच्या पाच विद्यार्थ्यांनी एव्हरेस्ट सर केले: मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कविदास काटमोडे आणि विकास सोयाम. ही घटना मोठीच होती आणि तिचे श्रेय आदिवासी विकास विभागाला व जिल्हा प्रशासनाला दिलेच पाहिजे. पण त्या वेळच्या कौतुकाचा सूर आठवावा. ‘जंगलात वाढलेली मुले उपजतच काटक’, ‘डोंगर त्यांच्या रक्तातच’. हीच भाषा शंभर वर्षांपूर्वी अमेरिकी वृत्तपत्रे थॉर्पबद्दल वापरत होती. ऐकायला ती स्तुती असते, प्रत्यक्षात ती मुलाच्या मेहनतीची चोरी असते. माणिकगडच्या डोंगरात वाढल्याने आठ हजार मीटरवरची विरळ हवा सोसत नाही. या मुलांचे प्रशिक्षण ऑगस्ट २०१७ पासून वर्धा, हैदराबाद, दार्जिलिंग आणि लडाख असे टप्प्याटप्प्याने झाले होते. ती शिकली, म्हणून चढली. जे शिखरापर्यंत पोचले नाहीत तेही तितकेच शिकले होते. त्यांची नावे मात्र कोणाच्या तोंडी नाहीत.

‘उपजत’ हा शब्द धोकादायक ठरतो तो येथे. गुण उपजत ठरला की संस्थेवर शिकवण्याची जबाबदारी उरत नाही, आणि मूल अपयशी ठरले तर तेही उपजतच ठरते. वॉर्नरच्या पत्रामागचे तर्कशास्त्र नेमके हेच होते.

भाषेचा प्रश्नही याच गाठीत अडकलेला आहे. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे २९ लाखांहून अधिक भरले; तरी ती भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. माडिया किंवा गोंडी बोलणारे मूल आश्रमशाळेत जाते तेव्हा त्याच्यापुढे केवळ गणित नवे नसते, ज्या भाषेत गणित सांगितले जाते तीही नवी असते. धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा काढली. शिक्षण विभागाने पुढे ती अनधिकृत ठरवणारी नोटीस काढली आणि गाव उच्च न्यायालयात गेले. आदिवासी मुलाने शिखरावर तिरंगा फडकवलेला चालतो, पण त्याच्या गावाने स्वतःची शाळा चालवली तर नोटीस येते, ही वाटणी कार्लाईलच्या वाटणीहून फार लांबची नाही.

संस्थेने खेळाडूसाठी काय करावे याचा नमुना शोधायला अमेरिकेत जाण्याची गरजही नाही. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला खाशाबा जाधव यांना जाता यावे म्हणून कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. वॉर्नरने आपली नोकरी वाचवण्यासाठी विद्यार्थी पुढे केला, खर्डेकरांनी विद्यार्थ्यासाठी आपले घर पुढे केले. अर्थात प्राचार्याला घर गहाण टाकावे लागणे हे राज्याला भूषणावह नव्हतेच, आणि कांस्यपदक आणणाऱ्या खाशाबांना त्यानंतरही हयातीत जो मान मिळायला हवा होता तो मिळाला नाही. एका माणसाच्या चांगुलपणावर चाललेली व्यवस्था त्या माणसाबरोबर निवृत्त होते.

गडचिरोलीत धावण्याची कारकीर्द आज कशी दिसते? पहाटेच्या अंधारात डांबरी रस्त्यावर पोलीस भरतीसाठी पळणारी मुले-मुली. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर; घड्याळ हातात, समोर एकच ध्येय. यात कमीपणा काहीच नाही; पगाराची नोकरी हे पदकापेक्षा टिकाऊ बक्षीस आहे, आणि थॉर्पला म्हातारपणी तेच मिळाले नव्हते. पण भरतीपलीकडे धावण्याला दुसरी वाट नसेल तर गुण कितीही असो, तो त्या मोजक्या मिनिटांच्या पुढे जाणार नाही. गोंडवाना विद्यापीठ २०११ मध्ये स्थापन झाल्यापासून दोन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालयांना स्वतःचा आंतरविद्यापीठीय संघ मिळाला. नागपूरच्या गर्दीत जे नाव दबून गेले असते त्याला आता जागा आहे. ती जागा वापरायची तर आश्रमशाळेतून महाविद्यालयात जाताना मधल्या दोन वर्षांत खेळाडू गळणार नाही, हे पाहणारे कोणीतरी हवे. प्रकल्प कार्यालयाला हे अवघड नाही: राज्यस्तरावर खेळलेल्या प्रत्येक मुलाची नोंद, त्याच्यावर झालेला खर्च, झालेली दुखापत आणि तिचा उपचार, बारावीनंतर तो कोठे गेला, आणि त्याच्या नावावर संस्थेला काय मिळाले. ही वही दर वर्षी ग्रामसभेपुढे वाचून दाखवावी.

राज्याच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. त्यासाठी विशिष्ट दर्जाच्या स्पर्धेतले प्राविण्य आणि त्याचे पडताळणी झालेले प्रमाणपत्र लागते. भामरागडच्या मुलाला त्या स्पर्धेपर्यंत नेणारी बस, तिचे भाडे आणि अर्जावर वेळेत होणारी सही या तीन गोष्टी त्याच्या पायांच्या हाती नसतात.